म्हापशातलं जुन्या नाण्यांचं दुकान: प्रत्येक नाण्याला चिठ्ठी

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मयडेची केळी, चौरिसां (गोव्याची सॉसेजेस), मातीची मडकी सगळं घेऊन लोक परत जातात पण मार्केटच्या मागच्या गल्लीतलं हे दुकान बऱ्याच जणांना माहीतच नाही, कारण दुकानाला नावच नाहीये. बोर्डावर फक्त "जुनी नाणी, नोटा, तिकिटं, पदकं" एवढं रंगवलंय, एका बाजूला टेलर आणि दुसऱ्या बाजूला पूजेच्या सामानाचं दुकान. मालक सत्तरीच्या आसपासचे, सगळे त्यांना भाई म्हणतात. रिव्ह्यू लिहिण्याचं कारण एकच, गोव्यात जुनी नाणी विकणारे भरपूर भेटतील पण नाण्याबरोबर त्याची हकीगत लिहून देणारा माणूस मला इथेच भेटला, आणि माझ्या मते जुन्या नाण्यात पैसे घालायचे तर आधी ही गोष्ट बघायला पाहिजे, दुर्मिळ आहे की नाही ते नंतर.

चिठ्ठीचं सांगतो. इथे कुठलंही नाणं उचला, पाकिटात मागे एक छोटा कागद असतो, भाईंच्या हातचा, निळ्या शाईचा. वजन, व्यास, धातू, कुठली टांकसाळ, आणि शेवटच्या ओळीत ते नाणं कुठून आलं. म्हणजे मी घेतलेल्या १८८२ च्या रुपयाच्या चिठ्ठीवर लिहिलंय "११.५८ ग्रॅम, चांदी, दोम लुईश, कलकत्ता, बार्देश, घराच्या वाटणीत निघालेल्या पेटीतून, पेटीत अजून सात होते". दोम लुईश म्हणजे तेव्हाचा पोर्तुगालचा राजा. घरवाल्यांचं नाव नाही, ते भाई कधीच सांगत नाहीत, पण तालुका आणि बरोबर काय होतं ते लिहितात. हे बरोबर काय होतं हेच महत्त्वाचं असतं हो, कारण पोर्तुगीज रुपयाबरोबर त्याच पेटीत राणीछाप (व्हिक्टोरिया राणीचे, ब्रिटिश) रुपये निघाले की कळतं त्या घरात पैसा दोन्हीकडून येत होता, कोणीतरी मुंबईला किंवा आगबोटीवर कामाला असणार. एकदा का नाणी वेगवेगळी विकली गेली की हे सगळं संपलं, मग उरते नुसती चांदी. शेटाकडे, म्हणजे सोनाराकडे, किती घरांनी असे रुपये मोडीत घातले असतील विचार करवत नाही.

आता थोडं इंडो पोर्तुगीज नाण्यांबद्दल, कारण दुकानात मुख्य माल तोच आहे आणि नवीन माणूस तिथे गेला तर गोंधळतो. १८७८ मध्ये ब्रिटिश आणि पोर्तुगीजांचा करार झाला, त्यानंतर गोव्यासाठीची नाणी ब्रिटिश हिंदुस्थानच्या मापावर पाडायचं ठरलं. म्हणून १८८१ आणि १८८२ चा लुईश राजाचा रुपया हातात घेतला तर तो वजनाला राणीछाप रुपयाएवढाच भरतो, ११.६६ ग्रॅम म्हणजे एक तोळा, चांदी ९१.७ टक्के. एका बाजूला राजाचं डोकं, दुसऱ्या बाजूला मुकुट आणि पोर्तुगालची ढाल, खाली "उमा रुपिया". सोळा तांग्यांचा एक रुपया, साठ रैशचा एक तांगा, हा हिशोब भाई प्रत्येक गिऱ्हाइकाला तोंडपाठ म्हणून दाखवतात. तांब्याचे पाव तांगा आणि अष्टमांश तांगा ज्यांना स्वस्तात सुरुवात करायचीय त्यांच्यासाठी बेस्ट, मला चांगल्या स्थितीतला १८८१ चा पाव तांगा साडेतीनशेला दिला, झिजलेले दीडशे दोनशेला पण आहेत.

मला सगळ्यात जास्त आवडलेला ट्रे म्हणजे नंतरच्या रुपयांचा. १९३५, १९४७ आणि १९५२ चा रुपया भाईंनी शेजारी शेजारी लावलेत, आकाराने जवळपास सारखेच. १९३५ च्यात चांदी ९१.७ टक्के, १९४७ च्यात अर्धीच, आणि १९५२ चा तर चांदीचा नाहीच, तांबं निकेल. सतरा वर्षांत रुपयातली चांदी कशी संपली ते तीन नाण्यांत दिसतं, आणि पुढे १९५८ मध्ये रुपयाच गेला, सहा एस्कुदोंचा एक रुपया धरून एस्कुदो आणि सेंतावो आले, ते पण तीन वर्षांत, १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाल्यावर, मागे पडले. एस्कुदोची नाणी आपल्याकडे अजून खूप घरांत डब्यात पडून आहेत, १०, ३०, ६० सेंतावो, मग १, ३ आणि ६ एस्कुदो. हा पूर्ण सेट सहा नाण्यांचा, भाई जोडून देतात आणि चिठ्ठीवर स्पष्ट लिहितात की सेट दुकानात जोडलाय, एका घरातला नाही. एवढं प्रामाणिक मी तरी दुसरीकडे बघितलं नाही.

खरं खोटं कसं तपासतात ते सांगायलाच पाहिजे कारण खरं म्हणजे यासाठीच मी परत परत जातो. काउंटरवर दोन दशांशांचा डिजिटल काटा आहे, बाजूला काचेचा ग्लास आणि दोऱ्याचं रीळ. तुम्ही चांदीच्या रुपयाबद्दल शंका काढलीत तर भाई रागावत नाहीत, उलट ग्लासात पाणी घेऊन काट्यावर ठेवतात, काटा शून्य करतात, मग नाणं दोऱ्याला बांधून पाण्यात सोडतात, तळाला किंवा काचेला टेकू द्यायचं नाही, बुडबुडे राहू द्यायचे नाहीत. काट्यावर ग्रॅममध्ये जो आकडा येतो तेच नाण्याचं घनसेंटिमीटरमधलं आकारमान. ११.६६ ग्रॅमचा चांगल्या चांदीचा रुपया असेल तर १.१३ च्या आसपास येतो, त्याच वजनाचं तांबं निकेलचं बनावट असेल तर १.३० च्या वर जातं. चांदीचा मुलामा दिलेला माल इथे लगेच सापडतो, ना ॲसिड लागतं ना नाणं घासावं लागतं, घरी कोणीही करू शकतो. मग भिंगातून कडेचे दाते बघायचे, साच्यात ओतून केलेल्या नाण्याला कडेवर बारीक जोड दिसतो आणि पृष्ठभागावर टाचणीच्या टोकाएवढे खड्डे असतात, ठोकून पाडलेल्या नाण्याला ते नसतात. भाई भिंग तुमच्या हातात देतात आणि म्हणतात, "मी सांगतो म्हणून घेऊ नकोस, तू बघ, तुला काय दिसतं ते मला सांग." मग गप्प बसतात. पाच मिनिटं लागोत नाहीतर पंधरा.

आणि एक खण आहे नकलांचा. विकायला नाही, शिकवायला. त्यात ते १८१८ चं रामदरबार छाप "ईस्ट इंडिया कंपनी" वालं नाणं आहे, व्हॉट्सॲपवर लाखोंचं म्हणून फिरतं ते. कंपनीने असं नाणं कधीही पाडलेलं नाही, देवादिकांची चित्रं असलेले हे पितळी तुकडे नंतर बनवलेले आहेत, आणि तांदूळ ओढतं, चुंबकासारखं चालतं वगैरे सांगून लोकांना अक्षरशः लुबाडलं गेलंय. त्याच खणात शिवाजी महाराजांच्या होनाच्या चार पाच नकला आहेत. खरा होन तीन ग्रॅमच्या आतला, सोन्याचा, अत्यंत दुर्मिळ, तो कोणी किनाऱ्यावरच्या स्टॉलवर दोन हजाराला देत असेल तर समजून जायचं. गोव्याच्या जुन्या कदंब राजांच्या सोन्याच्या नाण्याची पण नक्कल आहे, सिंहवाली. हे बघून मला वाईट वाटलं खरं सांगतो, कारण मूळ नाणं म्हणजे गोव्याच्या इतिहासातली केवढी मोठी गोष्ट, चार ग्रॅमच्या थोडं वर सोनं, एका बाजूला सिंह आणि मागे नागरीत राजाचं नाव आणि श्री सप्तकोटीश्वराच्या वरप्रसादाचा उल्लेख. तोच सप्तकोटीश्वर, ज्याचं नार्वेचं देऊळ शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये बांधून घेतलं. आम्ही डिचोली तालुक्यातले, लहानपणापासून गोकुळाष्टमीला त्या देवळात जातो, आणि त्या देवाचं नाव बाराव्या शतकात कदंब राजा शिवचित्त परमादिदेवाच्या सोन्यावर होतं हे शाळेत कुणी सांगितलं नाही, ते मला इथे कळलं. खरं कदंब नाणं भाईंकडे नाही, ठेवतही नाहीत, फक्त मोठा फोटो भिंतीवर लावलाय.

१५१० मध्ये गोवा जिंकणाऱ्या पोर्तुगीज आफोन्सो द आल्बुकेर्कच्या पहिल्या नाण्यांचंही तेच, पोर्तुगालच्या मानुएल राजाच्या नावाने पाडलेली, एका बाजूला क्रूस आणि दुसऱ्या बाजूला गोलाकार वेधयंत्र, ती नाणी म्युझियमच्या दर्जाची, इथे मिळणार नाहीत. पण बझारुको मिळतात. तांब्याचे, कथलाचे, वेडेवाकडे, झिजलेले, बाजारात मासळी भाजी घेताना फिरलेलं खरंखुरं चिल्लर. बहुतेकांवरचं काही वाचता येत नाही म्हणून लोक बघत नाहीत, मला मात्र सगळ्यात जास्त ओढ त्यांचीच आहे, कारण राजाचं सोनं तिजोरीत राहिलं आणि हे रोजच्या माणसाच्या कमरेला होतं. एका वाटीत ठेवलेत, वाचता न येणारे शंभरला एक. शाळेतल्या मुलांना भाई एक फुकट देतात आणि चिठ्ठी त्यांच्याकडूनच लिहून घेतात, वजन करायला लावतात, हे मी स्वतः बघितलंय.

शिवराई पण बऱ्यापैकी आहेत. पेडणे, डिचोली, सत्तरी हा भाग अठराव्या शतकाच्या शेवटापर्यंत सावंतवाडीकर भोसल्यांकडे होता त्यामुळे आमच्याकडच्या जुन्या घरांत तांब्याच्या शिवराया निघतात यात नवल नाही. एका बाजूला "श्री राजा शिव" आणि दुसऱ्या बाजूला "छत्रपति", पण अक्षरांच्या तऱ्हा इतक्या की त्याचाच वेगळा संग्रह होईल. भाव बाहेरच्यापेक्षा थोडा जास्त वाटला, पण चिठ्ठी बघता मला चालतं.

पदकांबद्दल वेगळं लिहायला हवं. काचेच्या कपाटात वरच्या फळीवर सेंट फ्रान्सिस झेवियरच्या शवप्रदर्शनाची पदकं आहेत, त्यात १९५२ चं पण आहे, संताच्या मृत्यूला चारशे वर्षं झाली तेव्हाचं. धातू साधाच, पण लोकांनी गळ्यात घालून घालून मधला चेहरा गुळगुळीत केलाय आणि भाई त्याला मुद्दाम पॉलिश करत नाहीत. खालच्या फळीवर सैनिकी पदकं. पहिल्या महायुद्धाचं ब्रिटिश वॉर मेडल चांदीचं असतं आणि त्याच्या कडेवर शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव, पलटण कोरलेली असते, म्हणजे ते पदक एका ठराविक माणसाचं असतं, दुसऱ्या कुणाचं होऊच शकत नाही. तसंच भारताचं १९४७ चं जनरल सर्व्हिस मेडल, त्याच्या रिबनवरची "गोवा १९६१" ची पट्टी इथे एकदा बघायला मिळाली. मी किंमत विचारली तर भाई म्हणाले, "हे विकायला नाही रे, ह्याच्या घरच्यांचा पत्ता लागतो का बघतोय, सहा महिने वाट बघणार, मग बघू." नाव कोरलेल्या प्रत्येक पदकाला ते असंच करतात. धंद्याच्या दृष्टीने नुकसानच असेल त्यांचं, पण माणसाच्या नावाची वस्तू आहे आणि ती आधी त्याच्या घरी जायला पाहिजे ह्याच्याशी मी शंभर टक्के सहमत. पदकं जमवणाऱ्यांनी हे वाचून नाराज होऊ नये, सहा महिने झाले की मिळतात, आणि मिळतात तेव्हा रिबन मूळची की नवी हेही लिहून मिळतं.

आता जे आवडलं नाही ते. नाणी एवढ्या काळजीने विकणाऱ्या दुकानात अल्बम मात्र अगदी हलके ठेवलेत, मऊ पीव्हीसीच्या पानांचे, उघडले की नव्या रेनकोटचा वास येतो ते. गोव्याच्या हवेत हे अल्बम म्हणजे नाण्यांचा शत्रू. पीव्हीसी हळूहळू आम्ल सोडतं आणि तांब्या चांदीवर हिरवट चिकट थर चढतो, जून ते सप्टेंबर तर विचारूच नका. तिथून नाणं घ्या, अल्बम घेऊ नका. मायलारच्या (पारदर्शक प्लॅस्टिकच्या) खिडकीचे पुठ्ठ्याचे होल्डर ऑनलाइन मागवा, त्यातही चिकटणारे घ्या, स्टेपलवाले नको कारण आपल्याकडे एका पावसात पिना गंजतात आणि तो गंज नाण्याला लागतो. डब्यात सिलिका जेलच्या पुड्या, रंग बदलला की बदलायच्या. मी हे भाईंना सांगितलं, ते म्हणाले जुना स्टॉक संपवतो आणि मग बंद, पण अजून ते अल्बम तिथेच आहेत.

दुसरं, दुकानात उजेड कमी. नोटा बघायच्या तर दाराशी यावं लागतं. बांको नासियोनाल उल्त्रामारिनो या पोर्तुगीज बँकेच्या एस्कुदोच्या नोटा छान आहेत, आल्बुकेर्कचं चित्र असलेल्या, पण घडी कुठे दुरुस्त केलीय, कुठे चिकटवलंय ते त्या ट्यूबलाइटखाली कळत नाही आणि नोटांच्या चिठ्ठ्या नाण्यांएवढ्या तपशिलात नसतात. नोटांना मी म्हणून स्टार कमी देईन. भाव पण नोटांचे चढे वाटले, घासाघीस होत नाही, भाई हसून नोट परत पाकिटात घालतात.

पावती मिळते, यूपीआय चालतं, आणि महिन्याच्या आत नाणं खोटं निघालं असं कोणी दाखवून दिलं तर पूर्ण पैसे परत, हे पावतीवरच छापलंय. परदेशी पाहुणे पण येतात, त्यांना भाई आधीच सांगतात की शंभर वर्षांवरचं नाणं देशाबाहेर नेता येत नाही, १९७२ चा पुरावस्तू कायदा आहे, आणि अशा गिऱ्हाइकाला एस्कुदोची नाणी दाखवतात. समोर आलेलं डॉलरचं गिऱ्हाईक सोडताना मी त्यांना बघितलंय. स्वतःचं लायसन्स काउंटरमागे फ्रेम करून लावलंय, विचारलं तर काढून वाचायला देतात.

तुमच्या घरची नाणी दाखवायला नेणार असाल तर एक विनंती, कृपा करून घासू नका. समई आणि तांब्या घासायला चिंच, आमसूल, पितांबरी ठीक आहे, नाण्याला नको. दीडशे वर्षांत चढलेला तपकिरी थर एकदा गेला की परत येत नाही आणि घासलेल्या नाण्याची किंमत निम्म्यावर येते, भाई ते एका नजरेत ओळखतात. धूळ असेल तर साधं पाणी आणि मऊ कापडाने टिपून घ्या, रगडू नका. तांब्यावर पोपटी भुकटी सुटत असेल तर ते नाणं बाकीच्यांपासून लगेच वेगळं ठेवा, तो क्षाराचा रोग आहे, आत आत खात जातो आणि ओलावा मिळाला की वाढतो. आणि पेटी आहे तशी न्या, कागदाचे तुकडे, कापडाची पिशवी, त्यावर काही लिहिलं असेल तर तेही, भाई ते सगळं बघतात आणि विकायचं नसलं तरी फुकट चिठ्ठ्या लिहून देतात. आमच्या काकांच्या डब्याला अशा चिठ्ठ्या लिहून घेतल्या, अख्खी दुपार गेली, भाईंनी एक रुपया घेतला नाही. मात्र विकत घ्यायची वेळ आली तर भाव चांदीच्या भावाला धरून न सांगता प्रत्येक नाण्याचा वेगळा सांगतात, ह्याला वेळ लागतो, घाई असेल तर जाऊ नका.

माझे स्टार: नाणी पाच, पदकं पाच, नोटा तीन, अल्बम एक.

वेळ सकाळी दहा ते एक आणि दुपारी चार ते सात, मधे बंद म्हणजे बंद, दार ठोठावून उपयोग नाही. रविवारी सुट्टी. शुक्रवारी गल्लीत स्कूटर पण शिरत नाही आणि भाईंना बोलायला वेळ नसतो, तर मंगळवार बुधवार बघून जा, गाडी बसस्टँडच्या बाजूला लावून चालत या. १९३५, ४७, ५२ चा तो ट्रे काउंटरच्या खाली असतो, बाहेर मांडलेला नसतो, भाईंकडे मागा.